गेटवरचा खट्

आवाज पहिल्यांदा आईने ऐकला. अनंत चतुर्दशी होऊन तीन-चार दिवस झाले होते आणि मी तिला गुडघ्याच्या तपासणीसाठी एरंडवण्याला घेऊन निघाले होते. पुण्यात कर्वेनगरमधली आमची गल्ली उन्हाळ्यात पाइपलाइनसाठी खणली होती, वर खडी दाबून ठेवली होती आणि पावसाने ती सगळी उघडी पाडली होती. तिथून जाताना आई म्हणाली, "अगं, माझ्या पायाखाली काहीतरी ठोकतंय." मी रेडिओ बंद केला. खट्. दहा-पंधरा फुटांवर पुन्हा खट्. डावीकडून, पुढून, खालून.

"चाक निघून नाही ना येणार?" आईने विचारलं आणि दाराच्या वरचं हँडल धरलं. घरी परत येईपर्यंत तिने ते सोडलं नाही. पुढचे दोन महिने मी या आवाजाच्या मागे लागले ते हँडल धरलेल्या त्या हातामुळे.

गाडी बाबांची. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर झालेली. बाबा गेल्यापासून मीच चालवते. रोज कर्वेनगरहून वारजे, चांदणी चौक, बावधन करत पाषाणला नोकरीवर आणि परत. बाबांना गाडीतला कुठलाही नवा आवाज सहन होत नसे. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते अर्धा तास नुसते ऐकत उभे राहायचे. मला त्यातलं काहीच येत नव्हतं. पण आवाज आलाय आणि आपण तो तसाच चालू दिला, हे बाबांच्या गाडीच्या बाबतीत मला जमणारं नव्हतं.

सगळ्यात आधी गाडी रिकामी केली. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याचा कॅन, दाराच्या कप्प्यातली सुटी नाणी, सीटखाली गेलेली छत्री, सगळं बाहेर. जॅक त्याच्या खाचेत नीट बसला नसेल तर रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनसारखा हुबेहूब वाजतो, हे बाबांकडून ऐकलेलं लक्षात होतं. पुढची नंबरप्लेट आणि इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर हाताने हलवून पाहिलं. मग रिकाम्या गाडीने गल्लीत फेरी मारली. खट् होताच.

मग एक वही केली. कुठे वाजला, वेग किती, रस्ता कसा, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग सरळ होतं की वळलेलं. गाडी चालवताना लिहिता येत नाही, म्हणून ऑफिसला पोचल्यावर पार्किंगमध्ये बसून लिहायची. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की नुसतं 'आवाज' लिहून भागत नाही. आपल्याकडे आवाजाला किती शब्द आहेत! खट् वेगळा, धप् वेगळा, खडखड वेगळी, टकटक वेगळी, कुरकुर आणि करकर तर अगदीच वेगळ्या. खट् म्हणजे धातूवर धातू, कोरडा, एकदाच. धप् म्हणजे मध्ये रबर आहे पण त्याने हार मानली आहे. कुरकुर म्हणजे रबर पिळलं जातंय. माझा आवाज बहुतेक वेळा खट् होता. त्याच्या मागे कधीकधी एक बारीक खडखड असायची. ती मी कंसात लिहून ठेवत होते, पण ती वेगळी असू शकेल असं तेव्हा मनात आलं नाही.

दोन आठवड्यांनी वही सांगत होती ते असं. आमच्या गल्लीतल्या खडीवर, पंधरा-वीसच्या वेगाला हमखास. वारज्याच्या पुलाखाली पेव्हर ब्लॉक खचले आहेत तिथे हमखास. बावधनजवळ चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत, त्यांच्यावरून एकच चाक गेलं तरी येतो. डांबरी मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र नाही. हळू गेलं तरी नाही, जरा जोरात गेलं तरी नाही. चांदणी चौकातल्या गुळगुळीत उतारावर साठच्या वेगाला काही नाही. ब्रेक मारताना नाही, वळताना नाही. आणि एक नोंद या सगळ्यांत बसत नव्हती: सोसायटीच्या गेटवर, काळ्यापिवळ्या रबरी पट्टीवर, दहाच्या वेगाला, खट्.

ती नोंद मी तीनदा लिहिली आणि तीनदा तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

वही घेऊन आधी सर्व्हिस सेंटरला गेले. सुपरवायझरने विचारलं, "सर नाही आले का बरोबर?" मी म्हटलं, गाडी मी चालवते, आवाज मी ऐकलाय, तुम्ही माझ्याशी बोला. त्याने वही बघितली नाही. जॉबकार्डवर दोन शब्द लिहिले: 'फ्रंट नॉइज'. खट् आणि धप् यांतला जो फरक ओळखायला मी दोन आठवडे घालवले होते तो त्या दोन शब्दांत कुठेच नव्हता. ट्रायलला आम्ही दोघं गेलो, पण गेलो ते समोरच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर. तिथे गाडी मुकी. मी सांगितलं, मागच्या गल्लीत चला, तिथे वाजेल. "तिकडे न्यायची परमिशन नाही, मॅडम." मग गाडी लिफ्टवर घेतली. चारी चाकं हवेत लोंबकळत असताना एका मुलाने पुढची दोन्ही चाकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवली. काही सापडलं नाही. तरी संध्याकाळी अंदाजपत्रक आलं: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड, मिळून अडतीस हजार. "एकदा पूर्ण खालचं काम करून टाका, मग प्रश्नच नाही."

मला राग आला तो पैशांपेक्षा त्या 'मग प्रश्नच नाही'चा. कुठला भाग वाजतोय हे माहीत नाही, म्हणून सगळेच बदलायचे. शॉकअप तर मी दोनच वर्षांपूर्वी, गुहागरला जायच्या आधी बदलले होते. मी गाडी परत आणली.

त्यानंतर रात्री जेवण झाल्यावर बसून वाचायला लागले. पुढचं सस्पेन्शन बहुतेक छोट्या गाड्यांत एकाच धाटणीचं असतं. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात बसवलेली ती रचना: शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब, त्याला स्ट्रट म्हणायचं. खांबाचं खालचं टोक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडलेलं, वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्यात एका रबरी माउंटिंगवर टेकलेलं. हबच्या खालच्या बाजूला लोअर आर्म, तो बॉल जॉइंटने, म्हणजे गोळा-वाटीच्या सांध्याने, हबला धरलेला आणि दोन रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला. आणि या दोन्ही चाकांना एकमेकांशी बोलायला लावणारा एक आडवा लोखंडी दांडा, स्टॅबिलायझर. त्याची दोन टोकं दोन लिंक रॉडनी डाव्या-उजव्या खांबांना जोडलेली असतात. गाडी वळताना एका बाजूला झुकू लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला सरळ धरतो.

हे वाचलं आणि मला वाटलं, सापडलं! दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवर, तर दांडा नुसता त्याच्या बुशांमध्ये फिरतो, पिळला जात नाही, लिंकवर जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की दांडा पिळतो, लिंक ओढला जातो, आणि त्याचा सांधा ढिला असेल तर खट्. माझ्या वहीतल्या जवळजवळ सगळ्या नोंदी यात बसत होत्या. चेंबरचं झाकण, खडी, खचलेले ब्लॉक, सगळं. तर्क इतका सुबक होता की गेटवरची ती एक नोंद मी 'बहुधा गाडी तिरकी गेली असेल' म्हणून बाजूला सारली.

शनिवारी नाना पेठेत गेले. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानांत बाबांबरोबर लहानपणी जायची, त्यामुळे गर्दीची भीती नव्हती. दुकानदाराने वर्ष विचारलं, पेट्रोल की डिझेल विचारलं, आणि दोन लिंक रॉड काउंटरवर ठेवले. जोडी साडेचौदाशे रुपयांची. दांडा सांगाड्याला धरून ठेवणारे दोन रबरी बुशही घेतले. घराजवळच्या गॅरेजवाल्याने तासाभरात बसवून दिले. जुना डावा लिंक हातात धरला तर त्याच्या टोकाचा गोळा स्वतःच्या वजनाने खाली लोंबला. उजवा अजून घट्ट होता. म्हणजे डावा खरंच गेलेला होता. मला आनंद झाला. आईला फोन करून सांगितलं, झालं काम.

गल्लीत शिरले. मागची ती बारीक खडखड गेली होती. खट् तसाच होता, आता जास्तच स्पष्ट.

त्या संध्याकाळी मी गाडीतून उतरलेच नाही बराच वेळ. पैसे फार गेले नव्हते आणि भागही वाया गेला नव्हता, लिंक खराब होताच. पण मी माझ्या तर्काच्या प्रेमात पडले होते आणि तर्क खोटा निघाला होता. दोन आवाज एकात एक मिसळलेले होते आणि मी त्यांतला लहान आवाज बरा केला होता.

वारज्याच्या मेकॅनिककाकांचं नाव ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं. माळवाडीकडे जाताना एका आतल्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे, पत्र्याचं छप्पर, लिफ्ट नाही. जमिनीत खणलेला एक लांबट खड्डा आहे, वर गाडी उभी करून त्यात उतरायचं. साठीच्या पुढचे असतील. मी आवाजाबद्दल सांगू लागले तर म्हणाले, "थांबा ताई. आधी वही दाखवा, मैत्रिणीने सांगितलंय तुमच्या वहीचं."

त्यांनी चष्मा लावून ती अख्खी वाचली. सर्व्हिस सेंटरची हकिगत, लिंकची हकिगत मी तोंडी सांगितली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "गेटवर पण येतो?"

"येतो, पण तिथे मी कदाचित तिरकी..."

"रोज तिरक्या जाता का?"

नव्हते जात. गेटमधून तिरकं जायला जागाच नाही.

"मग दोन्ही चाकं बरोबर चढतात. लिंक ढिला असला तर तिथे बारीक वाजेल, एवढा नाही वाजणार. आणि लिंक तर तुम्ही नवीन टाकलाय." वही मला परत देत म्हणाले, "बघू. आत्ता काय आहे ते मला माहीत नाही."

दोन महिन्यांत मला पहिल्यांदाच कोणीतरी 'माहीत नाही' म्हटलं होतं. त्याने केवढा धीर आला ते सांगता येणार नाही.

काकांनी कामाला सुरुवात केली ती आवाजापासून नाही, बॉल जॉइंटपासून. पुढची बाजू जॅकने उचलून सांगाड्याखाली घोड्या लावल्या. चाक वर आणि खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. पहिल्यात हबचं बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतो, दुसऱ्यात स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा टाय रॉड. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून लोअर आर्म खाली दाबला आणि बॉल जॉइंटच्या फटीवर बोट ठेवलं. "हा सुटला तर चाक आडवं होतं. तुमच्या आईला जी भीती आहे ना, ती याची. आधी जिवाचं बघायचं, मग कानाचं." बॉल जॉइंट दोन्हीकडे घट्ट होते. मी तिथूनच आईला फोन केला. चाक निघणार नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. आवाजाचं कारण कळायला अजून तीन तास होते.

मग गाडी खाली घेऊन काका एकेक शक्यता बाद करत गेले. इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंगचं लॉक सोडून, स्टिअरिंग बोटभर डावी-उजवीकडे झटपट हलवायला सांगितलं; स्वतः खड्ड्यात उतरून स्टिअरिंगच्या रॅकवर आणि टाय रॉडच्या दोन्ही टोकांवर हात ठेवून बसले. काही नाही. गाडी दोन फूट पुढे नेऊन ब्रेक, दोन फूट मागे नेऊन ब्रेक. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला असेल तर इथे धप् होतो. काही नाही. गॅरेजबाहेरच्या उखडलेल्या रस्त्यावरून ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायला लावलं. ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल असतील तर ब्रेक नुसता टेकवला तरी त्या दबून धरल्या जातात आणि आवाज थांबतो. थांबला नाही.

आणि मग त्यांनी माझ्या तर्काची परीक्षा घेतली. नुकतेच बसवलेले दोन्ही लिंक रॉड एका टोकाने सोडले, तारेने बाजूला बांधून टाकले. म्हणजे स्टॅबिलायझर पूर्ण मोकळा, त्याच्यावर कसलाच जोर नाही. "आता वळणावर गाडी झुकेल. वीसच्या वर नेऊ नका, समोरच्या झाडापर्यंत जाऊन या." मी गेले. गाडी होडीसारखी डुलत होती. खट्. खट्. जसाच्या तसा. पंधरा मिनिटांचं काम, एक पैशाचा भाग लागला नाही, आणि माझा दोन आठवड्यांचा तर्क पुसला गेला. हे मी नाना पेठेत जायच्या आधी करून घेतलं असतं तर! सुट्टा होऊ शकणारा भाग सोडून बघणं हा नवा भाग लावून बघण्यापेक्षा किती सरळ रस्ता आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

लिंक परत जोडून झाल्यावर चहा आला. चहा पिताना काका गेटवरच्या पट्टीबद्दलच विचारत होते. किती उंच? तीन बोटं. किती रुंद? दीड वीत. मी मनातल्या मनात हिशेब करू लागले, आणि मला वाटतं त्या वेळी मला पहिल्यांदा खरं काय ते दिसायला लागलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. पंधराच्या वेगाने त्याच्यावरून चाक जायला जवळजवळ एक सेकंद लागतो. रबरी पट्टी निम्म्या उंचीची, पण रुंदी जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. दहाच्या वेगालाही चाक सेकंदाच्या आठव्या भागात चढून उतरतं. शॉकअपच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं. सावकाश ढकललं तर जातं, झटक्याने ढकललं तर अडतं. म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवर शॉकअप शांतपणे आत-बाहेर होतो. रबरी पट्टीवर, खडीवर, चेंबरच्या कडेवर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. तो काठीसारखा ताठ राहतो आणि सगळा ठोसा वर जातो. वर कशावर? माउंटिंगवर.

एक चाक की दोन चाकं, हा प्रश्नच नव्हता. हळू की झटक्याने, हा प्रश्न होता. माझ्या वहीतली प्रत्येक नोंद, गेटवरचीसुद्धा, यात बसत होती.

मी हे घाईघाईने काकांना सांगितलं. ते हसले नाहीत की शाबासकी दिली नाही. "माउंटिंगच वाटतंय मला पण. पण वाटून काय उपयोग, बघूया."

बॉनेट उघडलं. दोन्ही बाजूंच्या पत्र्यात स्ट्रटचं वरचं टोक दिसतं, मधोमध एक नट. डाव्या नटावर त्यांनी माझा तळहात ठेवायला लावला आणि मदतीच्या मुलाला सांगितलं, जॅक सांगाड्याला लाव आणि अगदी हळू उचल. गाडी वर येऊ लागली. चाक अजून जमिनीवरच होतं, स्प्रिंग मोकळी होत होती. मग एका क्षणी माझ्या तळहाताखाली नट टक्कन खाली घसरला, जवळजवळ बोटाच्या जाडीएवढा. मी दचकून हात काढला. "परत ठेवा. आता खाली घेतो." गाडी खाली आली, वजन चाकावर आलं आणि नट वर येऊन आदळला. खट्.

तोच. अगदी तोच. माझ्या हाताखाली.

उजवीकडे तेच केलं. तिथे नट किंचित बसला, आवाज नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये हे का सापडलं नाही ते तेव्हा समजलं. लिफ्टवर गाडी गेली की चाकं लोंबकळतात, त्यांच्या वजनाने स्ट्रट आधीच खाली ओढला गेलेला असतो आणि तिथेच राहतो. मग चाक कितीही हलवा, नट जागचा हलत नाही. हा दोष दिसतो तो फक्त वजन येताना किंवा जाताना. काकांच्या शब्दांत, "उचलल्यावर नाही बघायचं, उचलताना बघायचं." लिफ्ट नसलेल्या गॅरेजमध्ये हे सापडलं यात मला आता काही नवल वाटत नाही.

दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि त्यांखालची बेअरिंग बदलायची ठरली. उजवं अजून चाललं असतं, पण त्याचंही वय तेवढंच होतं आणि दोन बाजूंची उंची, ताठरपणा सारखा हवा. भाग दुसऱ्या दिवशी आले. काम करताना मी तिथेच थांबले, काकांनी फक्त एक अट घातली: स्प्रिंग दाबलेली असेल तेव्हा समोर उभं राहायचं नाही. स्ट्रट गाडीतून काढून त्याच्या स्प्रिंगला दोन बाजूंनी कंप्रेसर लावला, समसमान आवळत स्प्रिंग तिच्या बैठकीवरून सैल होईपर्यंत दाबली आणि मगच मधला नट खोलला. तो नट कंप्रेसरशिवाय खोलला तर स्प्रिंग सगळी ताकद एकदम बाहेर फेकते. माणसाचा जबडा, हात, काहीही जाऊ शकतं. घरी प्रयोग करणाऱ्यांनी इतर काहीही करून बघावं, हे नाही. नवा नट आवळतानाही त्यांनी नट फिरवायची मशीनची गन वापरली नाही. शॉकअपचा दांडा एका पान्याने धरून ठेवला आणि दुसऱ्याने नट हाताने आवळला, कारण गनने दांडा नटाबरोबरच फिरतो आणि नट आवळल्यासारखा नुसता वाटतो.

जुनं डावं माउंटिंग हातात घेतलं. वरून बघितलं तर धडधाकट, रबराला तडासुद्धा नाही. पण मधली लोखंडी वाटी अंगठ्याने दाबली की रबरापासून सुटून खाली जायची. ही वाटी आणि रबर कारखान्यात एकमेकांना चिकटवलेलं असतं; तो जोडच गोल फिरून सुटला होता. बाकी सगळीकडे गंज होता आणि जिथे वाटी घासून आदळत होती तिथे लोखंड आरशासारखं चकाकत होतं. काकांनी ती चकाकी दाखवली. "आवाज इथे राहत होता."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी शॉकअप बदलले तेव्हा त्या गॅरेजवाल्याने मला विचारलं होतं, माउंटिंग पण नवीन टाकू का, सगळं खोललेलंच आहे. मी विचारलं होतं, खराब आहेत का? तो म्हणाला होता, दिसायला चांगली आहेत. मग राहू द्या, मी म्हटलं होतं. तेव्हा बावीसशे रुपये वाचले. आता भाग, मजुरी आणि नंतरचं चाकांचं अलाइनमेंट मिळून साडेपाच हजार गेले. तेव्हा मजुरी वेगळी पडली नसती. दिसायला चांगलं असणं आणि चांगलं असणं यांतला फरक त्या वाटीवर अंगठा ठेवेपर्यंत मला कळला नव्हता. शॉकअप बदलत असाल तर माउंटिंग आणि बेअरिंग बरोबरच बदला, हे मी आता कोणालाही बेलाशक सांगते.

अलाइनमेंट टाळू नका, हेही काकांनी दोनदा बजावलं. स्ट्रट हबला धरणारे बोल्ट सुटले की चाकाचा उभा कोन थोडा तरी सरकतोच. आवाज गेला म्हणून तसंच चालवलं तर चार-सहा महिन्यांत टायर एका कडेने खाल्लेला दिसतो. मी तिथूनच थेट करायला गेले.

घरी येताना मुद्दाम वारज्याच्या पुलाखालून आले, खचलेल्या ब्लॉकवरून, पंधराच्या वेगाने. काच खाली, पंखा बंद. टायरचा आवाज, खडीचा आवाज, पुढच्या रिक्षाचा आवाज. मग आमची गल्ली. मग गेट. पट्टीवर गाडी चढली आणि उतरली, आणि मी चक्क ब्रेक मारून थांबले. वॉचमनकाका विचारायला आले, काय झालं ताई? काही नाही झालं, मी म्हटलं, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा एकदा त्या पट्टीवरून नेली.

आईला दुसऱ्या दिवशी एरंडवण्याला न्यायचं होतंच. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. कर्वे रोडला लागल्यावर मी तिच्याकडे बघितलं तर तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते आणि ती बाहेर, झेंडूच्या गाड्यांकडे बघत होती. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. "पाव किलो घे येताना," ती म्हणाली.